नेम भलतीकडेच धरायचा

नयनमोनी सैकिया मूळची वेटलिफ्टर. आसामातल्या गोलाघाट जिल्ह्यातली. पाय दुखावला, वजनं उचलणं सुटलं आणि 2008 च्या सुमारास ती लॉन बोल्सकडे वळली. त्याच वर्षी ऑक्टोबरात आपल्या बालेवाडीत राष्ट्रकुल युवा स्पर्धा भरल्या होत्या. नऊ खेळ होते. वेटलिफ्टिंग होतं, बॅडमिंटन होतं. लॉन बोल्स नव्हतं. एरवी कुठल्याही खेळावर मत असणारा पुणेकर इथं मात्र गप्प, यात नवल नाही.

खेळ लांबून अगदी निवांत वाटतो. बारीक कापलेल्या हिरवळीवर आधी ‘जॅक’ नावाचा छोटा चेंडू सोडायचा. मग आपला ‘बोल’, म्हणजे मोठा चेंडू, त्याच्या जितका जवळ नेता येईल तितका न्यायचा. गोम अशी, की दीड किलोच्या आसपासचा हा बोल सरळ जातच नाही. त्याची घडणच एका अंगाला झुकती. फरशीवर घरंगळणारं नाणं थांबता थांबता कलतं ना, तसा वेग उतरला की तो वळतो. जॅकवर नेम धरला की चुकलंच म्हणून समजा. नेम भलतीकडे धरायचा आणि बाकीचं हातावर सोपवायचं.

2 ऑगस्ट 2022. बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धा, महिलांच्या चौकडीचा अंतिम सामना. लवली चौबे, पिंकी, नयनमोनी आणि कर्णधार रूपा रानी तिर्की. न्यूझीलंडला 16-13 असं हरवून त्या इथवर आल्या होत्या. नयनमोनी तिसऱ्या क्रमांकावर. कुणाचा बोल जवळ, असा वाद पडला की जॅकपासून अंतर मोजायला वाकायचं, ते सहसा या तिसऱ्या खेळाडूनं. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध 8-2 ची आघाडी हातची गेली, उलट 10-8 अशी पिछाडी झाली. त्यानंतर मात्र समोरच्यांना एकही गुण मिळाला नाही. 17-10, सुवर्णपदक. या खेळातलं भारताचं राष्ट्रकुलमधलं हे पहिलंच पदक.

चौघींपैकी कुणीच लहानपणापासून बोल्स खेळलेली नाही. लवली धावपटू, रूपा कबड्डीतली. पिंकी दिल्लीच्या ज्या शाळेत क्रीडाशिक्षिका, तिथं 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी सरावाची हिरवळ तयार झाली, म्हणून हा खेळ तिच्या वाट्याला आला. हिरवळ आधी, खेळाडू मागाहून! स्पर्धा संपल्यावर मैदानांचं काय होतं, हे बालेवाडीच्या शेजाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

नयनमोनीला 2022 चा अर्जुन पुरस्कार मिळाला, पुढच्या वर्षी पिंकीला. 2026 च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेसाठी दहाच खेळ ठेवले गेले. एकेकाळी ‘पूना’ म्हणून ओळखलं जाणारं आपलं बॅडमिंटन त्यातून वगळलं गेलं. लॉन बोल्स राहिलं.