गाडी बंद पडली? थांबा, लगेच दुरुस्त करून देऊ नका!



घरातली किंवा वर्गातली छोटी रेल्वे बंद पडली की आपण सगळ्यात आधी काय करतो? मुलाला बाजूला करतो. "थांब, तू हात नको लावू, मी बघते." पाच-दहा मिनिटांत गाडी सुरू होते, मूल टाळ्या वाजवतं, आपल्यालाही बरं वाटतं. मीही बरीच वर्षं हेच केलं. पण आता मला वाटतं, यात आपलं चुकतं. गाडी नीट चालते तेव्हा मूल फक्त बघत असतं. ती बंद पडते तेव्हा त्याला विचार करावा लागतो, आणि नेमकी तीच वेळ आपण त्याच्याकडून काढून घेतो.

हे मला कसं कळलं ते आधी सांगते.

"बाईंना माहितीये!"

मी सीवूड्सला चौथीचा वर्ग घेते. आमच्या मुलांना रेल्वे काही नवीन नाही. स्टेशनच्या डोक्यावरच मॉल आहे. 2018 च्या नोव्हेंबरमध्ये खारकोपरपर्यंत आणि 2024 च्या जानेवारीत उरणपर्यंत गाडी सुरू झाली, तेव्हापासून "सीवूड्सनंतर एक फाटा बेलापूरला, दुसरा उरणला" हे पोरं झोपेतही सांगतील. एका पालकांनी घरातला जुना रेल्वेसेट वर्गाला दिला. एचओ मापाचा, म्हणजे खऱ्या गाडीच्या 87 पट लहान. मुलांनी प्लायवूडवर रूळ मांडले, थर्माकोलचं स्टेशन केलं, उरणच्या फाट्यासाठी एक सांधा बसवला. परिसर अभ्यास आणि कार्यानुभव, दोन्ही एकाच फळीवर!

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी गाडी लांबच्या वळणावर सारखी थांबायला लागली. मुलं घरी गेल्यावर मी एकटी बसले, रूळ पुसले, एक सैल जोड घट्ट केला. गाडी मस्त धावली. दुसऱ्या दिवशी पाहुणे आले आणि गाडी पुन्हा तिथेच थांबली. पाहुण्यांनी सहज विचारलं, "का रे थांबली?" सगळी मुलं माझ्याकडे वळली. एक जण म्हणाला, "बाईंना माहितीये."

बाईंना माहीत होतं. मुलांना नव्हतं. दोन महिने खपून केलेला प्रकल्प त्यांचा नव्हताच, माझा होता, हे त्या दोन शब्दांनी मला सांगितलं.

आमचा शनिवारचा मेगाब्लॉक

पुढच्या वर्षी मी पद्धत बदलली. मेगाब्लॉक म्हणजे काय हे नवी मुंबईतल्या मुलाला समजवावं लागत नाही. रविवारी आजीकडे जायचं असलं की घरात पहिला प्रश्न तोच असतो. मी म्हटलं, खऱ्या रेल्वेला दर रविवारी देखभाल लागते, मग आपल्या गाडीला का नको? दर शनिवारी पंधरा मिनिटं आमचा मेगाब्लॉक सुरू झाला. सोबत एक 'बिघाड वही' केली. तिच्यात चार रकाने: काय झालं, कुठे झालं, आम्हाला काय वाटलं, करून पाहिल्यावर काय दिसलं.

नियम एकच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. डी.एड.ला आपण सगळ्यांनी थॉर्नडाइकचं मांजर आणि 'प्रयत्न-प्रमाद' पाठ केलंय. पेटीतलं मांजर सगळीकडे पंजे मारतं, कधीतरी खिट्टी उघडते. आपली मुलं मात्र त्याच्या एक पायरी पुढे जाऊ शकतात. आधी अंदाज करा, मग हात लावा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी चालली, तर कशामुळे चालली हे कुणालाच कळत नाही.

आता नेहमीचे बिघाड सांगते. तुम्हाला उत्तरं माहीत असावीत म्हणून, मुलांना लगेच सांगून टाकायला नव्हे!

1. गाडी मुळीच हलत नाही

आधी वीज कुठून येते ते मुलांना बोटाने दाखवू द्या. खऱ्या लोकलला वरच्या तारेतून 25,000 व्होल्टची वीज मिळते आणि ती रुळांवाटे परत जाते. आपल्या साध्या डी.सी. सेटला वर तार नसते. 12 व्होल्टपर्यंतची वीज एका रुळातून येते, चाकांमधून मोटरला मिळते आणि दुसऱ्या रुळातून परत जाते. एवढं कळलं की तपासायचा क्रम मुलं स्वतःच लावतात: बटण, अडॅप्टर, तार, रूळ, चाक, आणि सगळ्यात शेवटी मोटर. आपण मोठी माणसं उलट करतो, पहिल्याच फटक्यात इंजिन उघडून बसतो.

इंजिन बिघडलंय की रूळ, हे ठरवायची सोपी युक्ती आहे. इंजिन रुळावरून काढून 9 व्होल्टच्या बॅटरीच्या दोन तारा त्याच्या दोन बाजूंच्या चाकांना क्षणभर टेकवा. चाकं फिरली तर इंजिन ठीक आहे, दोष रुळाकडे किंवा त्याच्या अलीकडे आहे.

2. अडखळत चालते

बहुतेक वेळा कारण एकच असतं, मळ. रुळांवर आणि चाकांवर काळपट थर बसतो आणि वीज नीट पोहोचत नाही. आपल्याकडे खाडीची दमट, खारट हवा. पावसाळ्यात तर पेटीतली पिनसुद्धा गंजते. आमच्या वहीत जुलैची पानं भरलेली आणि डिसेंबरची जवळजवळ कोरी होती. ते बघून एका मुलीने विचारलं, "बाई, गाडीला पाऊस आवडत नाही का?" हवामानाचा पाठ त्या दिवशी वेगळा शिकवावा लागला नाही.

उपाय: आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन-चार थेंब सुती फडक्यावर घेऊन रूळ पुसा. वीज बंद, खिडकी उघडी आणि बाटली मोठ्यांच्या हातात. पॉलिश पेपर घासू नका. त्याने बारीक ओरखडे पडतात आणि पुढच्या वेळी मळ त्यातच जाऊन बसतो. चाकं पुसायला विसरू नका, नाहीतर स्वच्छ रूळ पहिल्या फेरीतच पुन्हा काळे होतात. फ्लॅटमध्ये गाडी जमिनीवर चालवत असाल तर आसाला गुंडाळलेले लांब केस बघा. चिमट्याने एकेक काढायचं काम मुलांना भारी आवडतं!

3. ठरावीक ठिकाणीच मंद होते किंवा थांबते

हाच आमचा तो प्रदर्शनातला बिघाड. नव्या वर्गातल्या मुलांनी वहीत तीन शनिवार लिहिलं, 'लांबच्या वळणावर हळू'. मग त्यांनी इंजिन बदलून पाहिलं. दुसरंही तिथेच मंदावलं. एक मुलगा म्हणाला, "आमच्या बिल्डिंगमध्येही शेवटच्या मजल्यावर पाणी हळू येतं." बरोबर पकडलं होतं त्याने. तार एकाच ठिकाणी जोडलेली, आणि मध्ये प्रत्येक जोडाशी थोडी थोडी वीज अडत होती. रुळांच्या टोकांना जोडणाऱ्या पत्र्याच्या छोट्या पट्ट्या सैल झाल्या की असं होतं. पट्टी पकडीने हलकी दाबा, आणि लांबच्या बाजूलाही त्याच दोन तारांच्या फांद्या नेऊन जोडा. आतली तार आतल्याच रुळाला, बाहेरची बाहेरच्याच. मी आदल्या वर्षी एक जोड आवळून मोकळी झाले होते. मूळ कारण माझ्याही लक्षात आलं नव्हतं, हे मुलांना मी सांगून टाकलं.

4. रुळावरून घसरते

मुलांना फळीवर गाल टेकवून एका डोळ्याने रुळांच्या रेषेत बघायला सांगा. वर उचललेला जोड, वाकडा तुकडा किंवा सांध्यात अडकलेला खडा असा बघितल्यावर लगेच दिसतो. सांध्याची हलणारी पात रुळाला पूर्ण चिकटते का तेही बघा. केसाएवढी फट राहिली तरी चाक आत घुसतं. खेळण्याच्या सेटमधली वळणं फार घट्ट असतात, साधारण 36-38 सेंटीमीटर त्रिज्येची. त्यांवर लांब डबे ओढले जाऊन घसरतात. डाव्या वळणाला लगेच उजवं वळण जोडलं असेल, तर मध्ये निदान एका डब्याच्या लांबीचा सरळ रूळ टाका.

घसरली कुठे आणि घसरलं काय, हे दोन्ही लिहायचं. कुठलाही डबा एकाच जागी घसरत असेल तर दोष रुळात. एकच डबा कुठेही घसरत असेल तर दोष त्या डब्यात. चौथीच्या मुलाला एवढं तर्कशास्त्र नक्की झेपतं.

5. चढावर चाकं फिरतात, गाडी जागेवरच

आमच्या मुलांनी पुस्तकं रचून खाडीपूल केला आणि गाडी चढेना. मी विचारलं, पुण्याला जाताना कर्जतला काय होतं? "मागून इंजिन लावतात!" बोरघाटात 37 मीटरला 1 मीटर असा चढ आहे, तिथे खऱ्या गाडीलाही मागून जोर द्यावा लागतो. आपल्या छोट्या गाडीला मीटरला 2 सेंटीमीटरपेक्षा जास्त चढ देऊ नये. मुलांनी पट्टीने मोजलं तर त्यांचा चढ मीटरला 6 भरला. पूल त्यांनीच उतरवला, मला सांगावं लागलं नाही.

6. गाडी एकदम थांबते, अडॅप्टर गरम होतो

हा शॉर्टसर्किट. इथे थांबायचं नाही, ताबडतोब वीज बंद. दोन्ही रुळांवर आडवी पडलेली टाचणी, कंपास किंवा पक्कड शोधा. काहीच सापडलं नाही तर रुळांची मांडणी बघा. गाडी फिरून त्याच मार्गावर उलट तोंडाने परत येईल असा फास केला असेल, तर डावा रूळ जाऊन उजव्याला मिळतो आणि वीज इंजिनाला टाळून सरळ परत जाते. अशा फासाला दोन्ही रुळांत तोडलेली फट आणि वेगळी जोडणी लागते. लहान मुलांसाठी साधा लंबगोलच बरा.

मग मोठ्यांनी काय करायचं?

तुम्ही म्हणाल, बाई, एवढा वेळ कुणाकडे आहे? अभ्यासक्रम कोण संपवणार? प्रश्न खरा आहे. मीही पंधरा मिनिटांच्या वर देत नाही, आणि काही शनिवार परीक्षेत गेले. पण निरीक्षण, मापन, नोंद आणि कारण-परिणाम आपण वेगवेगळ्या तासांना शिकवतोच. इथे ते एकत्र आणि मुलांच्या गरजेतून येतं.

"मुलं मोडून ठेवतील" हेही खरं. आमच्याकडे दोन कपलिंग तुटली. पालकांना मी आधीच तसं सांगून ठेवलं होतं. आणि महागडा सेटच हवा असं नाही. बॅटरीवरच्या प्लास्टिकच्या गाडीतही सेल उतरतो, स्प्रिंगवर हिरवट थर चढतो, आसाला केस गुंडाळतात. शोधायला तेही पुरतं.

एक मर्यादा मात्र पक्की ठेवा. भिंतीतला प्लग, अडॅप्टर उघडणं, डाग देणं ही कामं मोठ्यांचीच. जळका वास आला तर शिकवणं बंद, आधी स्विच. बाकी सगळीकडे आपण फक्त प्रश्न विचारायचा: "तुला काय वाटतं? ते खरं आहे का हे कसं बघशील?"

कधी पुण्याला गेलात तर कोथरूडचं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय मुलांना जरूर दाखवा. भाऊसाहेब जोशींच्या छंदातून उभं राहिलेलं हे संग्रहालय 1 एप्रिल 1998 ला सुरू झालं. धावत्या गाड्या, सिग्नल, उड्डाणपूल बघून मुलं हरखतात. पण परत येताना त्यांना एक प्रश्न नक्की विचारा: एवढे सगळे रूळ स्वच्छ ठेवायला काय काय करावं लागत असेल?

आणि हो, दुसऱ्या वर्षीचं प्रदर्शन

गाडी त्याही वर्षी बंद पडली, अगदी पाहुण्यांसमोर. मी हात मागे बांधून उभी राहिले, आणि खरं सांगते, ते फार जड गेलं. दोघं फळीला गाल लावून बघायला लागली, एकीने वही उघडली, एकाने इंजिन उचलून चाकं तपासली. पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं. तेवढ्यात एक मुलगा वळून त्यांना अगदी शांतपणे म्हणाला, "सर, मेगाब्लॉक आहे. थोडं थांबा."

अकरा मिनिटं लागली. सांध्याच्या पातीत थर्माकोलचा कण अडकला होता. पाहुणे मला काही विचारायला आलेच नाहीत, ते त्या मुलांशी बोलत होते.

तेव्हा पालकहो, पुढच्या वेळी गाडी बंद पडली की आधी हात मागे बांधा आणि निदान पाच मिनिटं गप्प राहा. करून बघा!