कॅथॉलिक खरे की प्रॉटेस्टंट? आधी जातीचे उत्तर द्या!

कासुर्डीतल्या एका बैठकीत एका तरुणाने आम्हाला विचारले, "ख्रिश्चनांत खरे कोण, कॅथॉलिक की प्रॉटेस्टंट?" याच दौंड तालुक्यात, केडगावला, पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन उभे आहे. त्यामुळे हा प्रश्न आम्हाला टाळता येत नाही.

भांडण जुने आहे. 1517 साली मार्टिन ल्यूथरने बंड केले. प्रॉटेस्टंट म्हणतात, बायबल पुरेसे आहे. पोपची सत्ता, संतांचा धावा, मरियेची भक्ती ही माणसांनी घातलेली भर. कॅथॉलिक म्हणतात, बायबल आणि चर्चची परंपरा वेगळी करता येत नाही; तुम्ही मूळ घरातून फुटलात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (1962-65) भाषा मवाळ झाली, 'पाखंडी'चे 'विलग झालेले बंधू' झाले. तरी कॅथॉलिक मिस्सातले कम्युनियन प्रॉटेस्टंटाला एरवी मिळत नाही.

रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडमध्ये अँग्लिकन चर्चचा बाप्तिस्मा घेतला. पण त्या चर्चची मते त्यांनी डोळे मिटून गिळली नाहीत. त्रैक्याच्या सिद्धांतावर त्या वाद घालत राहिल्या. ही चिकित्सक वृत्ती आम्ही मानतो.

पण गावकुसाबाहेरच्या माणसाचा प्रश्न त्रैक्याचा नव्हता, पाणवठ्याचा होता. शेजारच्या नगर जिल्ह्यात 1831 पासून अमेरिकन मराठी मिशन होते, पुढे कॅथॉलिक जेझुइट आले. दोघांकडे गेले ते बहुतांशी महार-मांगच. म्हणजे पंथ दोन, वस्ती एकच!

बाबासाहेबांनी धर्मांतरित ख्रिश्चनांच्या स्थितीवर लिहिताना दक्षिणेतील अस्पृश्य ख्रिश्चनांचे सायमन कमिशनपुढील निवेदन पुढे ठेवले. ते कॅथॉलिक आणि प्रॉटेस्टंट दोघांचे मिळून होते, आणि तक्रार एकच होती: ख्रिश्चन झालो तरी अस्पृश्यच राहिलो. पोप मानणारा आणि न मानणारा, दोघांनाही जातीने सारखेच गाठले.

सरकारनेही दोघांना एकाच मापाने मोजले. 1950 च्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 ला शीख आले, 1990 ला बौद्ध. दलित ख्रिश्चन आणि मुसलमान आजही बाहेर आहेत.

काही बांधव म्हणतात, "त्यांच्या धर्मात जात नाही, मग सवलत कशाला?" मित्रांनो, बुद्धाच्या धम्मात तरी जात कुठे आहे? आपण धम्म घेतला, पण गावाची नजर बदलली नाही, म्हणून तर 1990 ची दुरुस्ती करावी लागली. केंद्राने आपल्याला जे 34 वर्षे नाकारले, ते दुसऱ्याला नाकारले जात असताना आपण गप्प बसायचे? वाटा कमी होईल ही भीती असेल, तर लोकसंख्येनुसार वाटा वाढवून मागा. भावाला दाराबाहेर ठेवू नका.

आणि त्यांच्या फुटीवर हसण्याआधी आपल्या रिपब्लिकन गटांची संख्या मोजा.

त्या तरुणाला आमचे उत्तर एवढेच: खरा पंथ कोणता हे त्यांचे ते ठरवतील. आपण दोघांनाही एकच विचारायचे, तुमच्या चर्चमध्ये जात मेली का? आणि तोच प्रश्न आपल्या विहारालाही विचारायचा.

जयभीम!