‘व्होट बँक’ कुणाची?

निवडणुका जवळ आल्या की ‘व्होट बँक’ हा इंग्रजी शब्द आपले कार्यकर्तेही सर्रास वापरू लागतात. त्याचा मूळ अर्थ ध्यानात घेण्याजोगा आहे. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी म्हैसूरकडील एका खेड्यावरील आपल्या १९५५ च्या निबंधात तो योजला, तेव्हा त्याचा रोख कुळांची व आश्रितांची मते मुठीत ठेवणाऱ्या गावच्या मातब्बरांवर होता.

आज हा रोख नेमका उलटला आहे. दलितांनी वा मुसलमानांनी एकजुटीने मत दिले की ती ‘व्होट बँक’. सधन जातींनी तेच केले की तो जनतेचा कौल! पेढीचा मालक निर्दोष सुटला आणि ठेवीलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यात आले.

सावकाराच्या वा कंत्राटदाराच्या धाकाने पडलेले मत आणि जमीन, मजुरी व सुरक्षितता यांसाठी विचारपूर्वक एकत्र दिलेले मत यांत गुलामी आणि संघटना यांच्याइतके अंतर आहे. ते अंतर पुसून टाकणारा शब्द आपल्या सभांतून हद्दपार झाला पाहिजे. मते कुणाची, हे मोजण्यापूर्वी ती कुणाच्या भीतीने पडतात, हे कार्यकर्त्यांनी गावोगाव विचारावे.