भीती वाटली तर वाटू द्या!

पीएल लागली की आपल्या हॉस्टेलवर भक्तीला पूर येतो. शनिवारी मारुतीच्या देवळाबाहेर चपलांचा ढीग, गुरुवारी निम्म्या मेसचा उपवास. मी ख्रिश्चन नाही, पण दहा वर्षं कॉन्व्हेंटमध्ये काढल्यामुळे पेपर हातात येण्याआधी माझा हात आपोआप क्रूस काढतो!

यात वाईट काहीच नाही. माझा आक्षेप आहे तो 'एम-थ्री सोडव, पाच नारळ वाहीन' या सौद्याला. आणि त्याहून जास्त, 'ज्याची श्रद्धा पक्की, त्याला भीती वाटतच नाही' या समजुतीला. शाळेत बायबलच्या गोष्टी ऐकून माझं मत नेमकं उलटं झालंय.

पकडला गेला त्याच रात्री, त्याआधी, येशू गेथशेमाने बागेत होता. पुढे काय वाढून ठेवलंय हे त्याला ठाऊक होतं. तो हसतमुखानं बसला नव्हता. जीव कासावीस झाल्याचं त्यानं मित्रांना सांगितलं, माझ्यासोबत जागे राहा म्हणाला. हा प्याला टळू दे, अशी देवाला विनवणी केली आणि शेवटी तुझी इच्छा असेल तसं होवो, असंही म्हणाला. मित्र मात्र झोपून गेले. म्हणजे भीती बोलून दाखवणं हे श्रद्धेच्या विरुद्ध नाहीच मुळी.

दुसरं उदाहरण मार्टिन ल्यूथर किंग यांचं. डिसेंबर १९५५ मध्ये अमेरिकेतल्या माँटगोमेरीत कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकला. नेतृत्व होतं या तरुण पाद्र्याकडे. घरात बायको आणि दोन महिन्यांची मुलगी. जानेवारी १९५६ मध्ये एका रात्री जिवे मारण्याची धमकी देणारा फोन आला. झोप उडाली. स्वयंपाकघरात कॉफी करून ते बसले आणि आता माझ्यात बळ उरलं नाही, असं त्यांनी देवाला मोठ्यानं सांगितलं. देव आपल्यासोबत आहे, ही जाणीव त्यांना त्याच टेबलापाशी झाली, असं त्यांनी पुढे लिहून ठेवलंय. त्यांचं वय तेव्हा २७!

गंमत म्हणजे संकट टळलं नाही. तीनच दिवसांनी, ३० जानेवारीला, त्यांच्या घरावर बॉम्ब पडला. सुदैवानं बायको-मुलगी वाचल्या. चिडलेला जमाव दारात असताना किंग यांनी सगळ्यांना शांतपणे घरी जायला सांगितलं. बहिष्कार ३८१ दिवस चालला आणि बसमधला वर्णभेद संपला.

मित्रांनो, विश्वास म्हणजे निकालाची गॅरंटी नव्हे. देव सिलॅबस कमी करत नाही. हात थरथरत असतानाही पुढचं पाऊल टाकायचं बळ देतो, एवढंच. आणि 'एवढंच' पुष्कळ आहे.

आपल्याकडे मात्र सगळे 'बिनधास्त' असतात. केटीची भीती, कॅम्पसमध्ये नाव न येण्याची भीती, वडिलांनी काढलेल्या कर्जाची भीती, कोणी बोलत नाही. बोललं तर 'फट्टू' हा शिक्का ठरलेला. देव मानत असाल तर त्याला खरं सांगा, घाबरलोय म्हणून. मानत नसाल तर रूममेटला सांगा, सरांना सांगा, रेक्टरना सांगा. आणि रात्री तीन वाजता शेजारच्या रूममध्ये कोणी नुसतंच छताकडे बघत बसलेलं दिसलं, तर त्या तीन मित्रांसारखे झोपून जाऊ नका. दार वाजवा, चहा मारायला चल म्हणा.