कातरणीलाही छप्पर हवे

पावसाळा सरला, की मेंढरांच्या अंगावरची लोकर उतरवायची वेळ येते. उन्हाळ्याच्या तोंडावर पुन्हा एकदा. जिंतूर, गंगाखेडच्या डोंगरकडेच्या गावांत हे काम कसे चालते, ते आपल्या पाहण्यातले आहे. लिंबाखालची जागा झाडायची, मेंढराचे पाय बांधून त्याला आडवे करायचे आणि कातर चालवायची. कातरणारा सकाळपासून वाकलेला. सावली सरकली, की मेंढरासकट त्यानेही सरकायचे. उतरलेली लोकर माती, काटे आणि लेंड्यांत पडते. दमलेले जनावर हिसका मारते आणि कातर कातड्यात शिरते. जखमेवर हळद दाबून त्याला कळपात सोडतात. तिच्यावर माशी बसली, की चार दिवसांत आळ्या. आपण म्हणतो, चालायचेच!

हे आता चालू नये. गुरांना गोठा, शेळ्यांना शेड, आडतीवर सोयाबीनला ओटा मिळाला. कातरणीला मात्र छप्पर नाही.

कोणी म्हणेल, दख्खनी मेंढीची लोकर ती किती? वर्षाकाठी जेमतेम अर्धा किलो, तीही जाडीभरडी. घोंगड्याचा खप उतरला, कातरणीची मजुरीही लोकरीतून निघत नाही. मग शेड कशाला? पण लोकर विको न विको, मेंढी कातरावीच लागते. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुष्कळ वर जातो. तेवढ्या उन्हात अंगावर लोकर ठेवली, तर मेंढरू धापा टाकते, चारा सोडते, गोचिडांना आसरा मिळतो. काम टळणारे नाही आणि करणारे हात मात्र कमी होत आहेत. दिवसभर कंबर मोडून घ्यायला तरणी पोरे तयार नाहीत. उद्या कातरणारा मिळाला नाही, तर कळप कोणी कातरायचा?

शेड म्हणजे सिमेंटचा बंगला नव्हे. पण चार गोष्टी नीट पाहाव्या लागतील. पहिली जोत्याची. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. ती काढून मुरूम भरून ठोकल्याशिवाय पाया टिकत नाही. दुसरी दिशेची. शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे ऊन आत कमी येते. लांब बाजू कमरेएवढ्या भिंतीच्या आणि वर मोकळ्या असाव्यात. पत्रा तापतो. त्याला वरून चुना मारावा आणि खालून तुराट्यांचे नाहीतर पऱ्हाट्यांचे आढे घालावे. हिवाळ्यात इथे पारा एक आकडी होतो. नुकते कातरलेले मेंढरू गारठू नये म्हणून उत्तरेच्या अंगाला गोणपाटाचे पडदे हवेत.

तिसरी गोष्ट माणसाच्या कमरेची. कातरणीला एक गुळगुळीत, कोरडा ओटा हवा. त्याची उंची इंजिनिअरने कागदावर ठरवू नये. कातरणाऱ्यांना दोन-तीन उंचीच्या फळ्यांवर काम करून पाहू द्यावे आणि मगच बांधावा. शेजारी बांबूच्या पट्ट्यांचे टेबल असावे. त्यावर लोकर झटकली, की माती खाली गळते, काळी-पांढरी वेगळी काढता येते. स्वच्छ, निवडलेल्या लोकरीचे निदान भावाला बोलता येते. लोकर गोळा करणाऱ्या, निवडणाऱ्या बायकांसाठी संडास आणि प्यायचे पाणी धरल्याशिवाय आराखडा मंजूर करू नये.

चौथी मेंढरांची. वाट पाहणाऱ्या प्रत्येक मेंढीला साधारण १० चौरस फूट सावली धरा. ५० मेंढ्यांना ५०० चौरस फूट झाले. आदल्या रात्री पोट रिकामे ठेवावे, म्हणजे जनावर आडवे केल्यावर त्रास कमी होतो. ओली मेंढी कातरू नये. आयोडीनची बाटली ओट्याजवळच ठेवावी. पाण्याचे म्हणाल, तर १००० चौरस फुटांच्या छपरावर ८०० मिलिमीटर पाऊस पडला, तर गळती सोडूनही ६० हजार लिटर पाणी हौदात साठते.

ऑस्ट्रेलियात कातरणीच्या शेडची जमीन फळ्यांची आणि उंचावर असते. फटींतून लेंड्या खाली पडतात, कातरलेले मेंढरू घसरणीवरून बाहेर जाते. तेथे १८९१ साली कातरणाऱ्यांनी मोठा संप केला होता. न्यू साउथ वेल्समध्ये १९०१ साली त्यांच्या निवाऱ्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. आपल्याकडे गावोगाव फिरणाऱ्या कातरणाऱ्याच्या पाठीची नोंद कुठल्या दप्तरात आहे?

पैशाचे कारण सांगू नये. २०१७ साली महामेष योजना आली. २० मेंढ्या आणि १ नर अशा गटाला ७५ टक्के अनुदान ठरले. कळप वाढवायला पैसा निघतो, तर तो कातरायच्या जागेलाही निघाला पाहिजे. मेंढपाळांची वस्ती असलेल्या ग्रामपंचायतींनी विकास आराखड्यात हे काम धरावे. परभणीचे पशुवैद्यक महाविद्यालय जवळच आहे. मेंढी व शेळी विकास महामंडळाची प्रक्षेत्रे मुखेड आणि अंबाजोगाईला आहेत. त्यांचा सल्ला घ्यावा. आधी एक शेड बांधून दोन हंगाम चालवून पाहावे.

खरी अडचण पुढची आहे. गावात बांधलेल्या शेडचे काय होते, ते आपण जाणतो. पहिल्या वर्षी उद्घाटन, दुसऱ्या वर्षी कुणाचे तरी कडब्याचे गोदाम. म्हणून किल्ली सरपंचाच्या खिशात नको. ती मेंढपाळांच्या समितीकडे द्यावी, मेंढरामागे थोडी फी घ्यावी, साचलेले लेंडीखत लिलावाने विकावे आणि त्यातून डागडुजी करावी. वाटेवरून जाणाऱ्या परगावच्या वाड्यालाही तिथे तेवढाच हक्क असावा. मेंढपाळ वर्षातला निम्मा काळ भटकंतीत असतो. ग्रामसभेला तो नसतो, म्हणून त्याचे काम यादीत येत नाही. ग्रामसेवकांनी एवढे केले तरी पुरे : तो गावात असेल, तेव्हा एक ग्रामसभा त्याच्यासाठी लावा आणि शेडचा ठराव त्याच्या तोंडून लिहून घ्या.