रंग उतरवताना

हिवाळ्यात भिगवणला जाऊन आलेला प्रत्येक जण रोहित पक्ष्यांचे गुलाबी फोटो आणतो आणि त्यातला एखादा हौसेनं कृष्णधवल करून टाकतो. बटण एकच असलं, तरी काम तेवढ्यावर भागत नाही. छोटा खंड्याच घ्या. निळी पाठ आणि नारिंगी पोट रंगात उठून दिसतात, पण करड्या छटेत दोन्ही जवळपास सारखी दिसू शकतात आणि पक्ष्याचा नुसता गोळा होतो. मग सॉफ्टवेअरमध्ये निळ्याचा स्लायडर खाली, नारिंगीचा वर सरकवला की पाठ गडद होते, पोट उजळतं. हाच निळा आकाश काळवंडण्यासाठी फार ओढला, तर पंखांच्या कडेला पांढरट किनार उमटते. बगळा, शेकाट्या, कवड्या खंड्या यांचं मात्र रंगावाचून फारसं अडत नाही. बगळ्याच्या विणीच्या पिसांचा तंतू न् तंतू दिसायला हवा असेल, तर एक्स्पोजर टिपतानाच सांभाळा. जळालेला पांढरा नंतर परत येत नाही. पक्षी-छायाचित्रकार एरिक हॉस्किंग यांनी १९४८ साली टिपलेलं गव्हाणी घुबड कृष्णधवल असूनही आज तितकंच जिवंत वाटतं. पण नवरंग पक्ष्याचे रंग काढले तर हाती काय उरणार? म्हणून कॅमेऱ्यात थेट कृष्णधवल जेपेग काढू नका. रॉ फाइल जपून ठेवा. रंग कधीही उतरवता येतो, गेलेला परत चढवता येत नाही.