यंत्र घरात आले, वही कुठे आहे?

मध्यमवर्गीय घरांतील औषधांच्या कपाटात रक्तदाब मोजण्याच्या यंत्राला आता हक्काची जागा मिळाली आहे. सायंकाळी आजोबांचा दाब मोजला जातो, पाठोपाठ हौसेने शेजारीही दंड पुढे करतात. आकड्यांवर घटकाभर चर्चा रंगते आणि यंत्र पुन्हा खोक्यात जाते. आकडा मात्र कोणी कोठेही लिहून ठेवत नाही. तो अधिक दिसला तर घरात घबराट पसरते. बेताचा दिसला तर ‘आता गोळी कशाला?’ असा परस्पर निर्णय होतो. ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अधिक घातक आहे. गोळीमुळे आटोक्यात राहिलेला दाब पाहून गोळीच सोडून द्यायची, हा कोणता न्याय?

इटलीच्या रिवा-रोची यांनी १८९६ साली दंडाला पट्टा बांधून पाऱ्याच्या साहाय्याने दाब मोजण्याची पद्धत रूढ केली. १९०५ साली रशियन शल्यविशारद कोरोत्कोव्ह यांनी पट्ट्याखालील धमनीतून येणारे ध्वनी ऐकून वरचा आणि खालचा असे दोन्ही दाब ठरविण्याची रीत दाखविली. त्यासाठी सरावलेला कान लागे. साहजिकच मोजमाप दवाखान्यातच राहिले. आजचे विजेरी यंत्र पट्ट्यातील हवेची सूक्ष्म कंपने टिपते आणि त्यांवरून दाबाचा हिशेब मांडते. कानाची गरज संपली, पण मोजण्याच्या शिस्तीची संपली नाही. हा भेद आपल्याकडे फारसा कोणी ध्यानात घेतलेला दिसत नाही.

ही शिस्त तशी साधी आहे. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, तंबाखू आणि व्यायाम वर्ज्य. लघवीला जाऊन यावे. पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून, पायावर पाय न टाकता पाच मिनिटे स्वस्थ बसावे. पट्टा उघड्या दंडावर बांधावा, सदऱ्याच्या बाहीवरून नव्हे. हात हृदयाच्या पातळीवर टेबलावर विसावलेला असावा. लोंबकळता हात, दंडाला अपुरा पडणारा पट्टा, मोजताना चाललेले बोलणे यांतली प्रत्येक गोष्ट आकडा वाढविते. दूरदर्शन संचावरील वादविवाद ऐकत दाब मोजणाऱ्यांविषयी तर बोलायलाच नको! मनगटावरची यंत्रे सोयीची खरी, पण दंडावरील यंत्राइतकी भरवशाची नाहीत. ज्यांची नाडी अनियमित चालते, त्यांनी यंत्राच्या आकड्यावर विसंबण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

एवढे करूनही एकट्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. रक्तदाब दिवसभर चढत-उतरत असतो. म्हणून वैद्यकशास्त्र सात दिवसांची नोंद मागते: सकाळी गोळी व न्याहारीपूर्वी दोनदा, रात्री जेवणापूर्वी दोनदा, दोन्ही वेळी मध्ये एका मिनिटाचे अंतर ठेवून. पहिला दिवस सोडून द्यायचा. उरलेल्या चोवीस नोंदींची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून अधिक आली, तर तो उच्च रक्तदाब समजावा. दवाखान्यातील १४०/९०चा अर्थ घरी १३५/८५ला असतो, हे अनेकांना ठाऊकच नसते. डॉक्टरांसमोर ज्यांचा दाब चढतो आणि घरी बेताचा असतो, असे लोक आहेत. तसेच दवाखान्यात निर्दोष ठरून घरी वाढलेला दाब वागविणारेही आहेत. या दुसऱ्या वर्गाला वहीखेरीज कोण पकडणार? अशी वही समोर ठेवल्यावर तिच्याकडे न पाहताच औषध लिहिणारे डॉक्टरही भेटतात. त्यांना नम्रपणे पुन्हा दाखवावी.

१८०/१२०च्या पुढे आकडा गेला तर पाच मिनिटे शांत बसून पुन्हा मोजावे. तो तसाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. सोबत छातीत दुखणे, धाप, बोबडी वळणे, एका बाजूची शक्ती जाणे यांपैकी काही असेल तर पुन्हा मोजत न बसता तत्काळ रुग्णालय गाठावे.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत ३५.५ टक्के प्रौढांमध्ये उच्च रक्तदाब आढळला. म्हणजे तिघांत एकाहून अधिक. तेव्हा चार प्रौढांच्या घरात यंत्र केवळ आजोबांच्याच दंडाला का लागते, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. सर्वांची पथ्ये सांभाळणाऱ्या, सर्वांच्या गोळ्यांच्या वेळा पाठ असणाऱ्या गृहिणीचा दाब शेवटचा केव्हा मोजला होता, हे बहुतेक घरांत कोणाला सांगता येणार नाही, तिलाही नाही. तिचे डोके दुखते ते ‘जागरणामुळे’, दम लागतो तो ‘वयामुळे’, अशी उत्तरे घरात तयारच असतात. वास्तविक हा विकार बहुधा कोणतेही लक्षण न दाखविता वाढतो, त्यामुळे डोके दुखेपर्यंत थांबण्यातही अर्थ नाही. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांचा दाब वाढू लागतो. गरोदरपणात ज्यांचा दाब वाढला होता, त्यांना पुढील आयुष्यात उच्च रक्तदाबाचा आणि हृदयविकाराचा धोका अधिक असतो, मग ती बाळंतपणे वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची का असेनात. त्या वेळचे कागद घरात असतील तर शोधून काढावेत आणि तिच्या सात दिवसांच्या वहीसोबत डॉक्टरांपुढे ठेवावेत.